दहा तारखेचं तोरण

त्यांच्या घराला बाहेरून गिलावा नव्हता. नुसत्या लाल विटा, दोन विटांमधून ओघळून तिथंच वाळलेला सिमेंटचा माल, आणि फाटकाच्या जागी तारेनं एकत्र बांधलेले चार बांबू. गंगापूर रोडला आतल्या बाजूनं, जिथं तेव्हा वस्ती संपून द्राक्षांचे मांडव सुरू व्हायचे, तिथल्या एका गल्लीत हे घर होतं. सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं. मी नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकताच नोकरीला लागलो होतो आणि खोली शोधत हिंडत होतो. कोणीतरी हा पत्ता दिला. घर पाहून वाटलं, बांधकाम अजून चालू आहे. मी मागे वळलो.

"परत का चाललात?" असा आवाज आला.

पायरीवर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. हातात बशी, बशीत सीताफळ. मी म्हणालो की घर पूर्ण झालेलं दिसत नाही, नंतर येतो.

"घर पूर्ण झालंय," बी बशीत टाकत ते म्हणाले. "फक्त तुमच्या बाजूनं राहिलंय."

आत गेल्यावर त्याचा अर्थ कळला. आत भिंती गुळगुळीत, पांढऱ्या. शहाबादी फरशी इतकी घासलेली की पायाला गार रेशीम लागावं. खिडकीत मोगऱ्याची कुंडी, एका कोनाड्यात मोठा रेडिओ, आणि स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास. बसायला मात्र खुर्ची नव्हती. सतरंजीवर बसून आम्ही भाड्याचं बोललो. वरची एक खोली होती, मागच्या जिन्यानं जायची. मी "मालक" म्हणून काही विचारायला गेलो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"मालक म्हणू नका. अजून झालेलो नाही. काका म्हणा. आणि तुमचं भाडं मी खाणार नाही, ते सरळ सोसायटीत जाईल. मुद्दलात."

सोसायटी म्हणजे घरबांधणीला कर्ज देणारी एक सहकारी संस्था. तिची कचेरी जुन्या नाशकातल्या एका बोळात, वरच्या मजल्यावर होती. काका एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. घर बांधायला त्यांनी लांब मुदतीचं कर्ज काढलं होतं, घर अर्थातच सोसायटीकडे गहाण होतं, आणि ठरलेल्या मुदतीनं गेलं असतं तर निवृत्तीनंतरही कित्येक वर्षं हप्ते चालले असते. ते त्यांना मान्य नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी हार गळ्यात घेऊन मी घरी येईन, तेव्हा स्वतःच्या घरी येईन, असं ते म्हणत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्यातल्या हाराची फुलंसुद्धा मला दिसायला लागली. शेवंतीची असत.

मुदतीआधी कर्ज फेडणारी माणसं मी आणखीही पाहिली आहेत. ती बहुतेक सुकलेली असतात. काकांची तऱ्हा वेगळी होती. खर्चाचे त्यांनी दोन भाग केले होते, रस्त्यावरून दिसणारा आणि घरातून कळणारा. रस्त्यावरून दिसणारा सगळा खर्च त्यांनी बंद ठेवला होता. गिलावा नाही, लोखंडी फाटक नाही, स्कूटर नाही, सोफा नाही. लग्नकार्यात ते वर्षानुवर्षं तोच एक कोट घालून जात. पण हंगामातला पहिला हापूस त्या गल्लीत आधी त्यांच्याकडे यायचा. चहा पंचवटीतल्या एका विशिष्ट दुकानातूनच. रविवारी सकाळी रेडिओवर गाणं लागलं की दाराला कडी आणि कोणी आलं तरी तासभर उघडायची नाही.

एकदा कचेरीतला कोणी सहकारी त्यांना टोचून बोलला की अहो, निदान समोरच्या भिंतीला तरी गिलावा करा, बरं दिसत नाही. काकांनी त्याला जे उत्तर दिलं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. "गिलावा तुम्हाला बघायला. श्रीखंड मला खायला. आधी श्रीखंड."

दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता असे. तो दिवस या घरात सणासारखा व्हायचा, आणि सणासारखा म्हणजे अक्षरशः. सकाळी काकूंनी दार धुवून उंबऱ्यावर रांगोळी काढलेली असायची. काका इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवरून गावात जात, कचेरी उघडायच्या वेळी सोसायटीच्या जिन्यावर हजर. हप्ता भरत, आणि हप्त्याच्या वर माझं भाडं आणि महिन्यात वाचलेलं जे काही असेल ते. हे वरचे पैसे मुद्दलात जमा केले, असं पावतीवर लिहून घेतल्याशिवाय ते टेबलापासून हलत नसत. तिथल्या कारकुनानं सुरुवातीला कटकट केली. वरचे पैसे घ्यायची तिथं पद्धत नव्हती, लोक हप्ता पुढे ढकलायला येत, वाढवून भरायला नाही. पुढे तो सवयीचा झाला. एकदा म्हणाला, लोक इथं तोंड पाडून येतात, साहेब, तुम्ही बोहल्यावर चढल्यासारखे येता.

तिथून निघून पूल ओलांडून पंचवटीत. नाशकातले लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेच्या पलीकडच्या भाजीबाजारातून आंब्याचे डहाळे, झेंडू, काकूंसाठी गजरा आणि चक्का घेऊन ते घरी येत आणि त्याच इस्त्रीच्या शर्टात स्टुलावर चढून दाराला तोरण बांधत. मग अर्ध्या दिवसाची रजा संपायच्या आत जेवण. दहा तारखेला मला वर स्वयंपाक करायला परवानगी नव्हती.

मी पहिल्यांदा त्या पंगतीला बसलो तेव्हा विचारलं की कर्जाचा एवढा सोहळा कशाला. "आधी जेवा," ते म्हणाले. दुपारी सुपारी कातरत बसलेले असताना आपणहून सांगितलं.

त्यांचे वडील सिन्नरकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते. थोरल्या मुलीच्या लग्नात राहतं घर गहाण पडलं. वडिलांनी नेम धरला की घर सुटेपर्यंत या घरात गोड शिजणार नाही. दसरा नाही, पाडवा नाही. मुलं शेजारी सणाला बोलावलं तर जाऊन खात, आणि घरी येऊन तोंड पुसत. पुष्कळ वर्षांनी घर सुटलं. वडील संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आले, देवापुढे ठेवला, आणि पहिला पेढा त्यांनी बायकोच्या हातावर ठेवला. तिनं तो तोंडात घातला आणि थोड्या वेळानं उठून बाहेर जाऊन आली.

"आई म्हणाली, चांगला असेल हो, पण मला आता गोड लागत नाही." काका अडकित्ता चालवत राहिले. "घर सोडवलं वडिलांनी. जीभ सोडवायची राहिली."

 काकूंनी माझ्या ताटलीत न विचारता आणखी श्रीखंड वाढलं.

काकूंबद्दल लिहायचं तर त्या कमी बोलत, आणि बोलल्या तर नवऱ्याच्या वाक्यातली हवा काढून घेत. काकांना मुद्दल आणि व्याज हे शब्द सगळीकडे लावायची खोड होती. संध्याकाळी दोघं गंगापूरच्या रस्त्यानं फिरून आली की म्हणायचे, आजचं फिरणं मुद्दलात जमा. भांडण झालं, ताप आला, पाहुणा फार वेळ बसला, की दिवस व्याजात गेला. एकदा असं काही चाललेलं असताना काकू म्हणाल्या, "अहो, आणि तुमचं हे बोलणं ऐकण्यात जातात ते दिवस कशात धरायचे?" काका मनापासून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की ते तुझं माझ्यावरचं कर्ज, ते काही फिटायचं नाही.

मला ते 'ग्रंथपाल' म्हणत. मी ग्रंथपाल नव्हतो, ग्रंथपालाचा मदतनीस होतो, पण ते म्हणत की पदाचं पुढे बघू, हाक तर आत्ताच मारून घेऊ. मी खोलीत एकटाच वाचत बसलेला असलो की जिन्यातून आवाज यायचा, "काय ग्रंथपाल, आज कोणाच्या दुःखात आहात?" आणि पाठोपाठ भाजलेल्या शेंगांची वाटी.

दहा तारखेच्या तोरणानं गल्लीत एक गंमत घडवली. तिचं महत्त्व पुढे फार वाढणार होतं, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

शेजारच्या घरात घोटीकडची एक सून होती. तिचा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात हंगामी कामगार. लग्न होऊन नुकतीच गावाहून आलेली, धीट आणि तोंडाळ. तिनं तीन-चार महिने दहा तारखेची रांगोळी, तोरण आणि गोडाचा वास पाहिला. सण तर कुठला नाही, तिथी दर महिन्याला वेगळी. एक दिवस कुंपणापाशी येऊन तिनं काकूंना विचारलं, "काकू, ह्ये कुठलं वरत हाय वो?"

काकूंना शेजारणीपुढे कर्जाचं बोलायचा संकोच वाटला. त्या म्हणाल्या, असंच एक, घरासाठीचं.

"मंग मला बी सांगा की. काय काय करायचं असतं?"

काकू खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी जे खरं होतं तेवढंच सांगितलं. सकाळी दार धुवायचं, कोणाचं तरी काहीतरी देणं असेल ते त्या दिवशी देऊन टाकायचं, मग तोरण बांधायचं, आणि घरात सगळ्यांनी मिळून गोड खायचं. देणं दिल्याशिवाय गोड खायचं नाही आणि देणं दिल्यावर गोड खाल्ल्याशिवाय राहायचं नाही.

"उपास?"

"उपास अजिबात नाही," काकू म्हणाल्या.

घोटीच्या वहिनीला हे व्रत फारच आवडलं. पुढच्या दहा तारखेला तिनं दूधवाल्याचे थकलेले पैसे दिले, तोरण बांधलं आणि गावाकडच्या तांदळाची खीर केली. दोन महिन्यांत तिचा नवरा कारखान्यात कायम झाला. मग काय विचारता. गल्लीतल्या बायका एकेक करून काकूंकडे नियम विचारायला आल्या. वर्षाच्या आत निम्म्या दारांवर दहा तारखेला तोरणं दिसू लागली.

काकांना हे कळलं तेव्हा ते आधी खूप हसले आणि मग अस्वस्थ झाले. लोकांना फसवल्यासारखं त्यांना वाटू लागलं. एका संध्याकाळी ते स्वतः घोटीच्या वहिनीच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या सांगून आले की हे व्रतबित काही नाही, माझ्या कर्जाचा हप्ता असतो त्या दिवशी. वहिनीनं शांतपणे ऐकून घेतलं. ते वळल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, आणि ते जिन्यातून मला स्पष्ट ऐकू आलं, "काका लय भला मानूस. वरताचं फळ उघड बोलू नाय म्हनून असं बोलत्यात."

मग त्यांनी नाद सोडला. कारकुनाला मात्र सांगितलं की तुमच्या सोसायटीच्या तारखेला आमच्या गल्लीत देवपण आलंय, व्याजाचा दर जरा जपून वाढवा.

पगारवाढीच्या फरकाची रक्कम एकदम हातात आली, त्या वर्षाबद्दल लिहायला हवं. रक्कम चांगली होती. ती सगळी मुद्दलात टाकली असती तर कर्जाचा शेवट एकदम जवळ आला असता. काकांनी ते गणित माझ्यासमोर मांडलं तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या तरुणासारखा दिसत होता. काकू दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "समुद्र किती लांब असतो हो नाशकाहून?"

त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मुंबईला त्या एकदा गेल्या होत्या, पण आजारी नणंदेच्या उशाशी बसून परत आल्या होत्या.

काकांनी गणिताचा कागद घडी करून खिशात ठेवला. निवृत्तीनंतर जाऊ, असं म्हणणं त्यांना सहज शक्य होतं, आणि कोणीही समजूतदार माणूस तेच म्हणाला असता. ते उठून पाणी प्यायले आणि म्हणाले, "समुद्र रस्त्यावरून दिसत नाही. म्हणजे तो घरातला खर्च."

दोघं रत्नागिरीकडच्या एका गावात जाऊन आठवडाभर राहून आली. परत आल्यावर काकूंनी मला समुद्राबद्दल एवढंच सांगितलं की तो सारखा चालू असतो, आपण झोपलो तरी. उरलेले पैसे काकांनी सोसायटीत भरले. कारकुनानं विचारलं म्हणे, एवढी मोठी रक्कम येणार म्हणत होता, बाकीची कुठं गेली? काकांनी सांगितलं, दुसऱ्या एका खात्यात भरली.

त्यानंतर त्यांची घाई वाढली, हे मला दिसत होतं. आनंदाला त्यांनी कात्री लावली नाही, पण कचेरी सुटल्यावर एका वकिलाकडे टायपिंगचं काम धरलं. सायकलवरून येताना चढाला उतरून चालू लागले. काकू रागावल्या. ते म्हणाले, हार गळ्यात घालून येईन त्या दिवसापर्यंत, मग जन्मभर तुझ्यासमोर बसतो.

निवृत्तीला वर्षही राहिलं नव्हतं. हप्तेही थोडेच उरले होते. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं, थंडीचे दिवस होते. एका रविवारी सकाळी ते रेडिओ लावून बसले, दाराला कडी घातली, आणि गाणं संपल्यावर कडी काढायला उठले नाहीत.

घरी माणसं जमली. काकांची थोरली बहीण, जिच्या लग्नात ते सिन्नरचं घर गहाण पडलं होतं, ती आली. पुतण्या आणि त्याची बायको आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून गल्लीतून रोज जेवण येत होतं. कोणी पिठलं-भाकरी, कोणी वरणभात, झाकलेल्या पातेल्यांतून आणि डब्यांतून. मीही माझ्या डब्यात सकाळी दूध आणून ठेवत असे. स्टीलचा लहानसा डबा होता, नोकरीला निघताना आईनं त्यावर माझं नाव कोरून घेतलं होतं. बोलायला मला काही सुचत नसे. दूध आणणं जमत होतं.

त्या दिवसांतच दहा तारीख आली.

मी सकाळी उठून खाली आलो तेव्हा गल्लीत एकाही दारावर तोरण नव्हतं. बायकांनी आदल्या दिवशी आपसांत ठरवलं होतं की काका गेले, या महिन्यात कोणी व्रत करायचं नाही. घोटीच्या वहिनीनं तर रांगोळीचा डबाही आत ठेवून दिला होता. मला ते योग्यच वाटलं.

काकूंनी मला आत बोलावलं. पैसे रुमालात बांधून तयार ठेवले होते. हप्ता, आणि वर माझं भाडं. म्हणाल्या, सोसायटीत भरून या, वरचे मुद्दलात लिहून घ्या. येताना पंचवटीतून आंब्याचे डहाळे आणा.

मी गेलो. काका गेल्याचं मीच त्या कारकुनाला सांगितलं. त्यानं पावतीपुस्तक पुढे ओढलं. पावती लिहून झाल्यावर त्यानं ती माझ्याकडे फिरवली, तेव्हा मी न सांगता त्यावर 'मुद्दलात' लिहिलेलं होतं.

डहाळे घेऊन आलो तर काकू स्टूल घेऊन दारात उभ्या होत्या. बहिणीनं त्यांचा हात धरला. अगं, घरात सुतक आहे, लोक काय म्हणतील, तेरावा तरी होऊ दे, असं ती विनवत होती.

"सुतक मला आहे, वन्सं," काकू म्हणाल्या. "घराला नाही. घराचा आज हप्ता होता, तो भरला."

त्या स्टुलावर चढल्या. मी खालून स्टूल धरलं. फुलं नव्हती, नुसती पानं होती. ती बांधून झाल्यावर त्या खाली उतरल्या आणि आत जाऊन भिंतीशी बसल्या. बहीण आधी पदर तोंडाला लावून रडत राहिली. मग तिनं आत जाऊन साखरेचा डबा शोधला, चिमूटभर साखर काकूंच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खा. माझ्यापायी एकदा घरातलं गोड बंद झालं होतं. पुन्हा नको."

काकूंनी ती खाल्ली. दुपारपर्यंत गल्लीतल्या दारांवर एकेक तोरण चढलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

तेराव्यानंतर पुतण्या हिशेबाला बसला. चांगला मुलगा होता, काळजीनं बोलत होता. बोलता बोलता म्हणाला की काकू, ती कोकणाची ट्रिप झाली नसती तर आज हे ओझं तुमच्या डोक्यावर राहिलं नसतं.

"खरं आहे," काकू म्हणाल्या. "आणि मी समुद्र पाहिला नसता. त्यांच्याबरोबर तर नाहीच."

पुतण्यानं हिशेबाची वही मिटली.

काकांच्या फंडाचे पैसे यायला काही महिने लागले. तोवर हप्ते ठरल्या तारखेला जात राहिले आणि तोरण बांधलं जात राहिलं. पैसे आले तेव्हा मी मनातल्या मनात धास्तावलो होतो. एकदम सगळं फेडलं तर काकूंची दहा तारीख जाणार, आणि त्या महिन्याभरात एका त्या दिवशीच जराशा उठून बसत होत्या. मी चाचरत सुचवलं की घाई काय आहे, महिन्याच्या महिन्याला भरत राहिलात तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय म्हणायचं आहे ते त्यांना कळलं होतं.

"त्यांना निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या घरी यायचं होतं," त्या म्हणाल्या. "येणार नाहीत, ते माहीत आहे मला. पण घर तयार पाहिजे."

निवृत्तीच्या महिन्यात दहा तारखेला त्या स्वतः माझ्याबरोबर सोसायटीत आल्या. तो उंच, काळोखा जिना चढायला त्यांना वेळ लागला. कारकून उठून उभा राहिला. उरलेलं सगळं भरलं, गहाणाची कागदपत्रं हातात आली. काकूंनी ती वाचली नाहीत, पदराखाली धरली. पुलावर थांबून त्यांनी गंगेकडे पाहिलं. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, चक्का घ्यायचा आहे, उशीर झाला तर चांगला मिळत नाही.

महिना संपला त्या संध्याकाळी, ज्या दिवशी काका निवृत्त झाले असते, मी खाली आलो तर काकूंनी दार उघडं ठेवलं होतं. दारावर शेवंतीचा हार होता.

पुढच्या दहा तारखेला काय होणार, याची मला भीती वाटत होती. मी मुद्दाम घरीच थांबलो. सकाळी दार धुतलेलं, रांगोळी काढलेली. काकू डहाळे बांधत होत्या. मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं की देणं आहे अजून. मला स्वयंपाकघरात नेलं. फडताळात एका रांगेत भांडी मांडलेली होती. पातेली, डबे, झाकण्या, कशावर सासूचं नाव कोरलेलं, कशावर लग्नाची तारीख. सुतकाच्या दिवसांत गल्लीतून जेवण घेऊन आलेली भांडी. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि त्या दिवसांत भरून द्यायला घरात काही शिजत नव्हतं. म्हणून ती राहिली होती. बायकांनीही मागितली नव्हती.

"दर महिन्याला एका घराचं," काकू म्हणाल्या. "हे मात्र मुदतीआधी फेडायचं नाही."

पहिलं पातेलं घोटीच्या वहिनीचं होतं. त्या दिवशी ते श्रीखंडानं भरून गेलं. वहिनी म्हणाली, काकू, येवढं कशाला, ह्यात तर नुसती भाकर आली हुती. काकू म्हणाल्या, व्याज समज.

असं पुढे कितीतरी महिने चाललं. माझा डबा रांगेत शेवटी होता. त्याची पाळी यायच्या आतच माझी दुसऱ्या गावी बदली झाली. सामान बांधताना मी डबा मागितला नाही, त्यांनी दिला नाही. "राहू दे इथं," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी येत जाल."

मी जात असे. जमेल तेव्हा दहा तारखेलाच जात असे. बाकीचं फडताळ रिकामं झालं तरी तो डबा तिथंच होता, घासूनपुसून, नाव दर्शनी ठेवून. मी जेवून परत येई. घराला बाहेरून शेवटपर्यंत गिलावा झाला नाही. पैसे असूनही काकूंनी तो केला नाही. पुतण्यानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, बघणाऱ्यांची काही घाई दिसत नाही.

दशक सरता सरता काकू गेल्या. मला उशिरा कळलं. मी गेलो तेव्हा दिवसकार्य होऊन गेलं होतं आणि पुतण्याची बायको एकटी घर आवरत होती. तिला काकांबद्दल फार माहिती नव्हती. लग्न होऊन आल्यावर ती त्यांना दोन-तीनदाच भेटली असेल. फडताळ पुसताना तिला माझा डबा सापडला. नाव वाचून तिनं विचारलं, हा तुमचाच ना? मी हो म्हणालो.

तिनं तो माझ्यापुढे धरला, आणि मग पुन्हा मागे घेतला.

"थांबा, रिकामा कसा देऊ," ती म्हणाली. घरात बाकी काही उरलं नव्हतं. तिनं साखरेच्या बरणीच्या तळाशी होती तेवढी साखर डब्यात ओतली आणि झाकण लावून माझ्या हातात दिला.

मी गल्लीतून बाहेर पडलो. तारीख दहा नव्हती, दारांवर काही नव्हतं. स्टँडवर माझ्या गाडीला वेळ होता. एका बाकावर बसून मी डबा उघडला आणि चिमूटभर साखर तोंडात टाकली.

गोड लागली.